ऑनलाइन व्हिडिओ, नवमाध्यमं आणि शिकवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच मुद्द्याला दोन ठिकाणी हात घालावा लागू नये म्हणून गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. माझा कल आधीच सांगून टाकतो: व्हिडिओ हे शिकवण्याचं फार चांगलं साधन आहे, पण पाहून झालं की शिकून झालं, या समजुतीइतकं नुकसान दुसऱ्या कशानेच होत नाही.

१. ऑनलाइन व्हिडिओ म्हणजे टीव्हीच की! त्यात नवीन काय?

पडद्यावर चित्र हलतं, एवढंच साम्य. टीव्हीवर काय लागणार आणि किती वाजता लागणार, हे मूठभर लोक ठरवायचे. यूट्यूबवर पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढवला गेला. संस्थापकांपैकी एक असलेला जावेद करीम प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून सांगतो की यांच्या सोंडा फार लांब असतात, आणि १९ सेकंदांत व्हिडिओ संपतो. कुठल्याच वाहिनीने हे दाखवलं नसतं. 'हे दाखवण्याच्या लायकीचं आहे का' असं विचारायला दारात कोणी उरलं नाही, हा पहिला बदल.

दुसरा बदल म्हणजे थांबवणं, मागे नेणं, पुन्हा बघणं हे बघणाऱ्याच्या हातात आलं. तिसरा म्हणजे बघणारा उलट उत्तर देऊ शकतो, तेही व्हिडिओनेच. आणि पुढे काय दिसणार ते आता सॉफ्टवेअर ठरवतं. त्याबद्दल प्रश्न ९ पाहा. नवमाध्यमं म्हणताना लाइव्ह स्ट्रीम, रील, पॉडकास्ट, मीम हे सगळं त्यात धरलं जातं.

२. मला व्हिडिओ बघितला की लगेच समजतं. मग परीक्षेत किंवा प्रत्यक्ष करताना का अडतं?

कारण 'समजलं' असं वाटणं आणि करता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि व्हिडिओ पहिली गोष्ट फार स्वस्तात देतो. मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याबाबतीत बघण्यासारखे आहेत. लोकांना मूनवॉक, डार्ट फेकणं अशा कौशल्यांचे छोटे व्हिडिओ दाखवले. काहींना एकदा, काहींना वीस वेळा. वीस वेळा बघितलेल्यांचा 'मला जमेल' हा विश्वास चांगलाच वाढला. प्रत्यक्ष करायला लावलं तेव्हा मात्र त्यांची कामगिरी एकदा बघितलेल्यांपेक्षा सरस नव्हती. हवेत वस्तू झेलायच्या प्रयोगात गंमत अशी की, बघून झाल्यावर त्या वस्तू नुसत्या हातात धरायला दिल्या तरी लोकांचा फाजील आत्मविश्वास उतरला. वजन हाताला लागलं आणि डोळ्यांनी मारलेली थाप उघडी पडली.

मग व्हिडिओवरून कोणी शिकतच नाही का? शिकतात की. केनियाचा भालाफेकपटू ज्युलियस येगो हे याचं ठळक उदाहरण. सुरुवातीच्या काळात प्रशिक्षक नसताना तो मोठ्या भालाफेकपटूंचे व्हिडिओ बघून शिकला. २०१५ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्याने ९२.७२ मीटर फेक करून सुवर्ण मिळवलं, पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये रौप्य. पण त्याची गोष्ट सांगताना लोक अर्धीच सांगतात. तो बघून मैदानावर जाऊन भाला फेकत होता, आणि काय चुकलं ते मनात घेऊन पुन्हा बघत होता. पुढे तो फिनलंडमध्ये प्रशिक्षणासाठीही गेला. व्हिडिओ त्याच्या सरावाच्या मधोमध होता. सरावाच्या जागी नव्हता.

अभ्यासाला हेच लागू करायचं तर: दोन-तीन मिनिटं बघा, थांबवा, पडदा झाका आणि आत्ता काय कळलं ते कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहा. गणित असेल तर पुढची पायरी व्हिडिओने दाखवण्याआधी तुम्ही मांडा. जिथे अडाल तिथेच मागे जा. हे कंटाळवाणं वाटतं, वेळही जास्त जातो. इलाज नाही.

३. व्हिडिओत सगळं अगदी स्पष्ट सांगितलंय, मुलांनाही आवडलाय. तरी उत्तरं जुन्याच चुकांची. असं कसं?

स्पष्टपणामुळेच. डेरेक मुलर याने सिडनी विद्यापीठातल्या २००८ च्या पीएचडीत भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवर काम केलं. साधा, सरळ, बिनचूक खुलासा बघितलेल्या विद्यार्थ्यांना व्हिडिओ सोपा आणि स्पष्ट वाटला, पण त्यांचे गुण फारसे वाढले नाहीत. दुसऱ्या व्हिडिओत लोकांच्या नेहमीच्या चुकीच्या कल्पना आधी बोलून दाखवल्या होत्या आणि मग खोडल्या होत्या. तो बघणाऱ्यांना गोंधळल्यासारखं वाटलं, डोक्याला ताण पडला, आणि तेच जास्त शिकले.

एक उदाहरण घेऊ. चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटलाय, अजून वर चाललाय. या क्षणी त्याच्यावर कोणती बलं आहेत? बहुतेक मुलं दोन बाण काढतात: एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा, एक वर, 'हाताने दिलेल्या जोराचा', जो हळूहळू संपतो. हवेचा विरोध सोडला तर खरं उत्तर एकच बाण, खाली. आता व्हिडिओ सांगतो, 'चेंडूवर गुरुत्वाकर्षण खालच्या दिशेने काम करतं.' मुलगी मान डोलावते, कारण तिचा एक बाण खालचाच आहे. तिच्या दुसऱ्या बाणाबद्दल कोणी बोललंच नाही, त्यामुळे तो जागच्या जागी राहतो. वर तिला वाटतं, हे तर मला येतच होतं.

म्हणून व्हिडिओ दाखवताना चेंडू हातातून सुटला त्या फ्रेमवर थांबवा. प्रत्येकाला वहीत बाण काढू द्या. कोणाचे दोन आले, कोणाचा एक, यावर दोन मिनिटं भांडू द्या. मग प्ले करा. आपला बाण चुकला हे कळल्यानंतर ऐकलेलं वाक्य वेगळंच ऐकू येतं.

४. शिकण्यासाठी पुस्तक चांगलं की व्हिडिओ?

हा वाद नवा नाही. थॉमस एडिसनने १९१३ मध्येच भाकीत केलं होतं की चित्रपटामुळे शाळांतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील. पुढे रेडिओ आला, टीव्ही आला, प्रत्येक वेळी तोच दावा नव्याने झाला. १९८३ मध्ये शिक्षणातल्या माध्यमांचे अभ्यासक रिचर्ड क्लार्क यांनी उलट टोक गाठलं: माध्यम म्हणजे किराणा पोहोचवणारी गाडी, गाडी बदलल्याने खाणाऱ्याचं पोषण बदलत नाही.

मला क्लार्क यांचं म्हणणं अर्धं पटतं. खराब धडा व्हिडिओवर गेला म्हणून सुधारत नाही. पण काही गोष्टी हलल्याशिवाय कळतच नाहीत: गाठ कशी मारतात, हृदयाच्या झडपा कोणत्या क्रमाने उघडतात, सतारीवर मींड कशी घेतात. तिथे दहा पानांच्या वर्णनापेक्षा तीस सेकंद भारी. उलट जिथे युक्तिवाद लांबलचक आहे, मागचं वाक्य पुढच्याशी ताडून बघायचं आहे, तिथे पानच बरं. डोळा पानावर हवा तसा मागेपुढे जातो. व्हिडिओत ते वाक्य शोधण्यातच जीव जातो.

५. शिकवण्याचा व्हिडिओ किती मिनिटांचा असावा? सगळे सहा मिनिटं म्हणतात.

हा आकडा फिलिप गुओ, जूहो किम आणि रॉब रुबिन यांच्या २०१४ च्या अभ्यासातून आला. त्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सांच्या व्यासपीठावरच्या चार कोर्सांतली व्हिडिओ बघण्याची ६९ लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हते. याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या: स्टुडिओतल्या महागड्या चित्रीकरणापेक्षा टेबलाशी बसून अनौपचारिकपणे बोललेलं लोक जास्त वेळ बघत होते, आणि तयार स्लाइडपेक्षा हाताने लिहीत-काढत समजावलेलं त्यांना जास्त धरून ठेवत होतं.

मात्र तिथे मोजलं होतं ते किती वेळ बघितलं, किती शिकले ते नव्हे. सहाव्या मिनिटाला मेंदू बंद पडतो असा त्याचा अर्थ नाही. एक व्हिडिओ, एक प्रश्न, एवढं पाळलं की लांबी आपोआप आटोक्यात येते. सिद्धता पंधरा मिनिटांची असेल तर ती तोडून तिचा कणा मोडू नका. मध्ये थांबायच्या जागा सांगा.

६. मुलं दुप्पट वेगाने बघतात. चालेल का?

बऱ्याच वेळा चालतं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी याची चाचणी घेतली. दीडपट आणि दुप्पट वेगाने बघणाऱ्यांचं आकलन साध्या वेगाने बघणाऱ्यांच्या जवळपास होतं. अडीचपटीला ते घसरलं. वाचलेल्या वेळाचा उपयोग काय केला, हे महत्त्वाचं ठरलं. लगोलग दुसऱ्यांदा बघण्यापेक्षा काही दिवसांनी, परीक्षेच्या आधी दुसऱ्यांदा बघणं फायद्याचं होतं. फक्त लक्षात ठेवा, त्यातली व्याख्यानं रोमन साम्राज्य आणि मालमत्तेचं मूल्यांकन अशा माहितीपर विषयांवर होती. गणिताची सिद्धता किंवा परक्या भाषेतलं बोलणं दुप्पट वेगाने झेपेल, असं त्यावरून म्हणता येत नाही.

७. स्लाइडवर सगळं लिहून तेच वाचून दाखवलं तर जास्त ठसेल ना?

उलट होतं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांच्या अनेक वर्षांच्या प्रयोगांचा निष्कर्ष असा की, चित्र आणि आवाज ही जोडी चांगली चालते. त्यावर तोच मजकूर शब्दशः पडद्यावर टाकला की डोळा चित्र सोडून वाचू लागतो. सजावटीचं संगीत आणि विषयाशी संबंध नसलेले किस्सेही नुकसानच करतात.

याला मोठा अपवाद आहे. ऐकू कमी येणाऱ्यांना, परक्या भाषेतून शिकणाऱ्यांना आणि नवी संज्ञा पहिल्यांदा भेटत असताना सबटायटल्स हवीतच. ती बघणाऱ्याला चालू-बंद करता येतील अशी द्या, चित्रावर कायमची चिकटवू नका. यूट्यूबने आपोआप बनणारी सबटायटल्स २००९ मध्ये आणली. त्यात संज्ञा आणि विशेषनामं हमखास चुकतात, तेवढी तरी हाताने दुरुस्त करा.

८. घरी व्हिडिओ, वर्गात सराव अशी उलटी पद्धत सुरू केली. अर्धी मुलं बघूनच येत नाहीत. काय करू?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास हे सुरू केलं. वर्ग चुकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी तास रेकॉर्ड केले, आणि मग लक्षात आलं की शिक्षक समोर हवा असतो तो ऐकताना नव्हे, अडल्यावर.

बघून न आलेल्यांसाठी तोच धडा वर्गात पुन्हा शिकवू नका. तसं एकदा केलंत की पुढच्या आठवड्यात कोणीच बघून येणार नाही. त्यांना वर्गातच एका बाजूला इअरफोन लावून व्हिडिओ बघू द्या, बाकीच्यांचा सराव चालू राहू द्या. दोन-तीनदा मित्र पुढे गेलेले दिसले की बरेच जण घरी बघू लागतात. जे तरीही बघत नाहीत त्यांच्यापैकी कोणाकडे फोनच स्वतःचा नाही, हे आधी विचारा. त्यांच्यासाठी प्रश्न १७. आणि वर्गातला सराव खरोखर व्हिडिओवर अवलंबून हवा. न बघताही निभत असेल तर मुलं का बघतील?

९. 'अल्गोरिदम' म्हणजे नेमकं काय करतो? त्याचा संस्कृतीशी काय संबंध?

तुम्ही पुढे काय उघडाल आणि किती वेळ बघत राहाल याचा तो अंदाज बांधतो आणि त्यानुसार यादी लावतो. अंदाज कशावर बांधायचा हे बदललं की लोक बनवतात तेही बदलतं. २०१२ मध्ये यूट्यूबने नुसत्या व्ह्यूजऐवजी बघण्याच्या वेळाला महत्त्व दिलं. फसव्या थंबनेलचा उपयोग कमी झाला, आणि त्याच वेळी व्हिडिओ लांबू लागले. २०२० मध्ये मधल्या जाहिरातींसाठीची किमान लांबी १० मिनिटांवरून ८ वर आली. त्यामुळे एखादा खुलासा आठ मिनिटांच्या किंचित पुढे जाऊन संपला तर त्याचं कारण विषयात शोधू नका.

'शेवटी एक आश्चर्य आहे', 'हे कोणीच सांगत नाही' ही भाषाही तिथूनच आली, आणि आता ती वर्गातल्या भाषणांत, बातम्यांत, मुलांच्या निबंधांतही दिसते. हाच खरा सांस्कृतिक परिणाम; कोणता एक व्हिडिओ व्हायरल झाला हा नव्हे.

१०. रील्समुळे मुलांची एकाग्रता आठ सेकंदांवर आली, सोनेरी माशापेक्षाही कमी, हे खरं का?

नाही. या आकड्यामागे संशोधन सापडत नाही. माशाचंही कोणी असं मोजलेलं नाही. जे मोजलं गेलंय ते निराळं आहे: संशोधक ग्लोरिया मार्क यांच्या निरीक्षणांत माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर टिकण्याची सरासरी २००४ मध्ये अडीच मिनिटांच्या आसपास होती, अलीकडे ती ४७ सेकंदांच्या आसपास आली. हे मोजमाप मोठ्या माणसांचं आहे आणि ते लक्ष सारखं इकडून तिकडे उडण्याचं आहे, क्षमता संपल्याचं नव्हे. तोच मुलगा गेम खेळताना दोन तास जागचा हलत नाही. वर्गाचा वेग रीलसारखा करून हा प्रश्न सुटणार नाही.

११. सगळं जग एकच नाच नाचतंय. यात छोट्या भाषा आणि परंपरा टिकणार का?

दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडताहेत. २१ डिसेंबर २०१२ रोजी यूट्यूबवर पहिल्यांदा एका व्हिडिओने शंभर कोटी व्ह्यूजचा टप्पा ओलांडला, आणि ते 'गंगनम स्टाइल' हे गाणं कोरियन भाषेत होतं. दोन वर्षांनी त्याच गाण्याने व्ह्यूज मोजणाऱ्या यंत्रणेची २,१४,७४,८३,६४७ ही मर्यादा गाठली आणि यूट्यूबला मोजणी बदलावी लागली. जगभर पोहोचायला इंग्रजीच लागते, या समजाला तिथे धक्का बसला.

त्याहून महत्त्वाचं मला वाटतं ते लिहिता न येणाऱ्या ज्ञानाचं. विणकाम, जोडकाम, नाच, वाद्यावरची बोटं हे सगळं शतकानुशतकं गुरूच्या शेजारी बसूनच मिळायचं. सांकेतिक भाषांचं उदाहरण तर फार बोलकं आहे. १८८० च्या मिलान परिषदेने मूकबधिरांच्या शिक्षणातून हातांची भाषा हद्दपार करायचा ठराव केला. ती भाषा मरेल या भीतीने अमेरिकेतल्या मूकबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने फिल्मवर भाषणं टिपायला घेतली. जॉर्ज वेडिट्झ यांचं १९१३ चं चित्रित भाषण त्यातलंच. एडिसन पुस्तकं संपण्याची घोषणा करत होता त्याच वर्षी (प्रश्न ४) या लोकांना फिल्मचा खरा उपयोग सापडला होता. कागदावर उतरत नसलेल्या भाषेसाठी हलतं चित्र म्हणजेच वही. आज सांकेतिक भाषेत बोलणारा कोणीही फोन समोर धरून आपल्या भाषेत, आपल्या लकबीत, थेट जगाशी बोलू शकतो.

तोट्याची बाजू अशी, की ज्या आवृत्तीला जास्त व्ह्यूज तीच 'बरोबर' ठरू लागते. एका गाण्याच्या चार चाली असतील तर सर्वांत वर दिसणारी एक उरते. नाच तीस सेकंदांच्या उभ्या चौकटीत बसेल असा कापला जातो. पाय चौकटीबाहेर जातात, म्हणून हातांच्या हालचाली वाढतात. नोंद करणाऱ्यांनी म्हणून एकाच जाणकाराचं चित्रीकरण करून थांबू नये. फरक टिपा, आणि बोलणाऱ्याला घाई करू नका.

१२. विद्यार्थ्यांना एखादा यूट्यूबर आपल्यापेक्षा जवळचा वाटतो. वाईट वाटून घ्यावं का?

नको. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच टीव्हीच्या निवेदकांबद्दल हे लिहून ठेवलंय: थेट आपल्याकडे बघून बोलणाऱ्याशी एकतर्फी ओळख जडते. पण तो यूट्यूबर तुमच्या विद्यार्थ्याची वही कधीच बघणार नाही. तुम्ही बघता.

१३. मुलांकडून प्रकल्प म्हणून व्हिडिओ करून घ्यावेत का? गुण कशाला द्यायचे?

जरूर करून घ्या. समजावून सांगताना आपल्याला काय कळलेलं नाही ते चटकन उघडं पडतं. गुण संहितेला आणि मांडणीला द्या, एडिटिंगला नको. नाहीतर ज्याच्या घरी चांगला फोन तो पहिला. संहिता आधी कागदावर तपासा, त्यात प्रश्न ३ मधली 'चुकीची कल्पना' मांडायला सांगा.

चेहरा दाखवण्याची सक्ती करू नका. मानववंशशास्त्रज्ञ मायकेल वेश यांनी यूट्यूबवरच्या सुरुवातीच्या वर्षांचा अभ्यास करताना एक अडचण नेमकी पकडली होती: वेबकॅमसमोर बसलेल्या माणसाला आपण कोणाशी बोलतोय हेच कळत नाही. मित्र, शिक्षक, नातेवाईक, पुढचा मालक, सगळे एकाच वेळी समोर असू शकतात. पंधरा वर्षांच्या मुलाने ते पेलावं अशी अपेक्षा नको. हात, कागद आणि आवाज पुरतो. यूट्यूबवर चढवताना 'अनलिस्टेड' निवडलं म्हणजे व्हिडिओ सुरक्षित झाला असं नव्हे. लिंक मिळालेला कोणीही तो बघू शकतो. 'प्रायव्हेट' फक्त तुम्ही निवडलेल्यांनाच दिसतो. अल्पवयीन मुलांसाठी 'प्रायव्हेट' हाच पर्याय आणि पालकांची परवानगी.

१४. मोठ्या विद्यापीठांचे कोर्स मोफत आहेत. मग कॉलेजला का जायचं?

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपलं अभ्याससाहित्य खुलं करायची घोषणा २००१ मध्ये केली. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ऑनलाइन कोर्सला सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवलं. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आणि एडएक्स आले. पण अशा कोर्सांत शेवटपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांतच राहिलं, आणि पूर्ण करणाऱ्यांत आधीच शिकलेल्यांचा भरणा मोठा. साहित्य दुर्मीळ कधीच नव्हतं, ग्रंथालयं होतीच. मुदत, सोबत आणि तुमचं चुकलेलं उत्तर वाचणारं माणूस या गोष्टी दुर्मीळ आहेत. त्या तुमच्या कॉलेजात मिळत नसतील तर तुमचा प्रश्न रास्त आहे.

१५. व्हिडिओतली माहिती खरी की खोटी, की एआयने बनवलेली, हे कसं ओळखायचं?

व्हिडिओकडे टक लावून बघत बसू नका. बोटं किती, ओठ जुळतात का, या खुणा दर काही महिन्यांनी शिळ्या होतात. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकर यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी ते पान बारकाईने वाचत राहिले आणि बऱ्याचदा फसले. फॅक्ट-चेकर लगेच बाहेर पडून, नवे टॅब उघडून, या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते बघत होते. व्हिडिओलाही तेच लागू: हे कोण सांगतंय, मूळ चित्रीकरण कुठलं, दुसऱ्या कोणी नोंदवलंय का? वर्गात हा सराव खऱ्या व्हिडिओंवरही घ्या. फक्त खोटे दाखवलेत तर मुलं सगळ्यावरच अविश्वास ठेवायला शिकतात, आणि त्यालाच चलाखी समजतात.

१६. दुसऱ्याचा व्हिडिओ वापरला आणि खाली नाव दिलं, तर चालतं ना?

नाव देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. लिंक पाठवणं किंवा मूळ ठिकाणाहूनच दाखवणं सहसा अडचणीचं नसतं. डाउनलोड करून स्वतःच्या चॅनेलवर चढवणं असतं. अध्यापनासाठीच्या सवलती देशागणिक बदलतात आणि त्या वर्गापुरत्या असू शकतात, जाहीर चॅनेलपुरत्या नव्हे. निर्मात्याने वापराची परवानगी आधीच देऊन ठेवलेले क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत, पण त्यातल्या अटी वाचा: 'एनसी' असेल तर व्यावसायिक वापर नाही, 'एनडी' असेल तर बदल करून पुढे देता येत नाही, म्हणजे तुमच्या भाषेत डब करूनही नाही. दुसऱ्याचं साहित्य आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या कंटेंट आयडी या यंत्रणेने दावा लावला तर तो यंत्राने घेतलेला आक्षेप असतो, कोर्टाचा निकाल नव्हे. त्याला उत्तर देता येतं.

१७. नेट इतकं कमी की व्हिडिओ चालतच नाही. अशांना कसं शिकवायचं?

आवाजाची फाइल आणि दोन पानांची टिपणं. बऱ्याच धड्यांत चित्राची गरज आपण समजतो तितकी नसते. जिथे असते तिथे तेवढा तीस सेकंदांचा तुकडा कमी रिझोल्यूशनमध्ये वेगळा काढून पाठवा.

१८. माझे तास रेकॉर्ड झालेत. मी नोकरी सोडली, किंवा उद्या नसलो, तर ते कोणाचे?

लेखी करारात जे असेल ते, आणि बहुतेकांच्या करारात यावर काहीच नसतं. २०२१ मध्ये मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ऑनलाइन व्याख्यानं आवडलेल्या प्राध्यापकांना ईमेल करायला पत्ता शोधला, तेव्हा कळलं की ते २०१९ मध्येच वारले होते. वर्ग चालवायला आणि तपासायला दुसरी माणसं होती, नियमभंग झाला असंही नाही. पण आपल्याला कोण शिकवतंय हे विद्यार्थ्यांना आधी सांगायला हवं होतं, यावर दुमत नसावं.

रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: ते किती वर्षं वापरलं जाईल, तुम्ही गेल्यावर काढलं जाईल का, दुसऱ्या संस्थेला देता येईल का, आणि तुमच्या आवाजावर किंवा चेहऱ्यावर एआय प्रशिक्षित करता येईल का. पहिल्या स्लाइडवर तारीख टाका. विषय बदलत असेल तर कालबाह्य भाग काढून टाकण्याचा हक्क तुमच्याकडे राहू द्या, आणि मूळ फाइलची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.